आधी गाव वाचा, मग खुनी शोधा

‘कोझी मिस्टरी’ म्हणून ओळखली जाणारी कादंबरी पहिल्यांदा हाती घेणाऱ्या मराठी वाचकाची तक्रार बहुधा एकच असते. चाळीस-पन्नास पानं झाली तरी काही घडतच नाही. एक लहानसं गाव, पाच-सात घरं, चहापाणी, बागकाम, कुणाचं कुणाशी पटत नाही याच्या गप्पा. खून होतो तोही दाराआड. रक्त दिसत नाही, पाठलाग होत नाही, पिस्तूल रोखून उभा राहिलेला नायक नाही. तपास करणारी व्यक्तीही पोलिसातली नसते. गावातलीच एखादी म्हातारी असते, नाहीतर शाळेतली बाई, पाद्री, निवृत्त माणूस. मग वाचक भराभर पानं उलटत शेवट गाठतो, खुनी कोण ते कळतं आणि पुस्तक मिटताना वाटतं, एवढंच?

एवढंच वाटतं, कारण जे वगळलं त्यातच सगळं होतं.

यात वाचकाचा दोष नाही. रहस्यकथेची आपली सवय वेगळ्या पुस्तकांवर पोसलेली आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू यांनी मराठी माणसाच्या काही पिढ्या जागवल्या. पुढं गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकरांचे अमर विश्वास आणि दारा बुलंद आले. एस.टी.च्या एका प्रवासात संपवायची ती पुस्तकं. वेग हाच त्यांचा गुण आणि तो गुण मोठा आहे. पण अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल त्या वेगानं वाचली तर हाती काही लागत नाही. इथं पुढं काय होणार यापेक्षा इथं रोज काय होतं, हे जास्त महत्त्वाचं असतं.

म्हणून या कादंबऱ्या वाचणाऱ्यासाठी माझं सांगणं एकच आहे आणि बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. गुन्ह्याच्या मागं लागण्याआधी त्या गावाचा रोजचा रिवाज शिका. दूध किती वाजता येतं, कुणाचं दार कधीच बंद नसतं, कोण कुणाच्या घरी मागच्या दारानं जातं, कुणाला कुत्रं आवडत नाही. हे पक्कं डोक्यात बसलं की ज्या दिवशी काहीतरी वेगळं घडतं, तो दिवस आपोआप उठून दिसतो. गावातला हौशी शोधक नेमकं हेच करत असतो. त्याच्याकडं प्रयोगशाळा नसते, वॉरंट नसतं. त्याला फक्त नेहमीचं काय ते ठाऊक असतं.

अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ ही १९३० सालची कादंबरी या दृष्टीनं वाचण्याजोगी आहे. मिस मार्पल एका लघुकथेतून १९२७ मध्येच आली होती. कादंबरीत मात्र ती इथं पहिल्यांदा येते. गाव सेंट मेरी मीड. गोष्ट सांगतो तिथला पाद्री. त्याच्याच अभ्यासिकेत, त्याच्याच लिहायच्या टेबलाशी कर्नल प्रोथेरो मरून पडलेले सापडतात. शेजारी घड्याळ आडवं झालेलं, सहा वाजून बावीस मिनिटांवर थांबलेलं. इन्स्पेक्टर स्लॅक येतो, घड्याळ बघतो आणि खुनाची वेळ ठरवून मोकळा होतो. आता गंमत बघा. ते घड्याळ मुद्दाम पाव तास पुढं ठेवलेलं असतं, पाद्रीबुवांना कुठं उशीर होऊ नये म्हणून. घरातल्यांना हे माहीत आहे. पाद्रीबुवा इन्स्पेक्टरला ते सांगायला जातात, पण स्लॅक त्यांना बोलूच देत नाही. त्याला घाई असते.

मी इथं खुनी सांगत नाही आणि घड्याळाचा पुढं काय उपयोग होतो तेही सांगणार नाही. पण या एका प्रसंगात या प्रकारच्या कादंबरीचं सगळं तंत्र आलं. पोलिसाला वस्तू दिसते, घरच्या माणसाला त्या वस्तूची सवय ठाऊक असते. लेखिका वाचकाला विचारत असते, तू कुणाच्या बाजूला बसणार? पन्नास पानं भराभर उलटणारा वाचक नकळत स्लॅकच्या शेजारी जाऊन बसतो.

कोल्हापूरच्या वाचकाला यात जात्याच फायदा आहे, असं माझं ठाम मत आहे. शहर महापालिकेचं असलं तरी पेठांचं वागणं अजून गावाचंच आहे. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत कुठली तालीम कुणाची, कुठल्या कट्ट्यावर किती वाजता कोण बसतं, हे गल्लीतल्या पोरालाही सांगता येतं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ म्हशी येऊन उभ्या राहतात. समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात मिळतं. तिथं रोज येणारा माणूस दोन दिवस आला नाही तर पेला हातात देणाराच विचारतो, “अण्णा दिसंनात कुठं?” त्या प्रश्नात संशय नसतो, काळजी असते. पण डोकं चालतं ते शोधकाचं. रोजचं चित्र मनात आहे म्हणून त्यातली रिकामी जागा दिसली.

आपल्याकडं अशा लक्ष ठेवण्याला ‘नसत्या चौकशा’ म्हणून हिणवलं जातं, विशेषतः ते लक्ष म्हाताऱ्या बाईचं असेल तर. कोझी मिस्टरीचं मला सगळ्यात जास्त मोल वाटतं ते इथं. खिडकीत बसून विणणाऱ्या, बागेत तण काढता काढता रस्ता बघणाऱ्या बाईच्या निरीक्षणाला या कादंबऱ्यांनी ज्ञानाचा दर्जा दिला. मिस मार्पलचा सगळा युक्तिवाद गावातल्या उदाहरणांवर चालतो. अमुक माणूस मला आमच्या तमुक दुकानदाराची आठवण करून देतो, असं ती म्हणते आणि बाकीचे हसतात. आपल्या आजीची आणि तिच्या ईलिंगमधल्या मैत्रिणींची छाया मार्पलवर पडल्याचं ख्रिस्तीनं स्वतः आत्मचरित्रात लिहिलं आहे. जगात फार न हिंडलेली बाई माणसं ओळखण्यात कच्ची असेलच असं नाही, हे या कादंबऱ्या वाचताना मनापासून पटतं.

आता प्रत्यक्ष वाचायचं कसं, ते सांगतो. एक वही घ्या, शंभर पानी पुरे. डाव्या पानावर वर लिहा ‘नेहमीचं’, उजव्या पानावर ‘आज वेगळं’. पहिली पन्नास पानं वाचताना फक्त डावं पान भरायचं. घड्याळ पाव तास पुढं, ही नोंद डावीकडं. अमकी बाई रोज संध्याकाळी बागेत, ही नोंद डावीकडं. खून झाल्यावर उजवं पान उघडायचं आणि प्रत्येक नवी नोंद डावीकडच्या कुठल्या नोंदीला छेद देते ते बघायचं. ज्या उजव्या नोंदीला डावीकडं जोडीच नाही ती बहुतेक वेळा फसवी असते. लेखकानं आपल्याला भलतीकडं न्यायला टाकलेली. ज्या दोन नोंदी एकमेकींना भिडतात तिथं थांबायचं.

नावांचा गोंधळ हा मराठी वाचकाचा दुसरा मोठा अडसर. मिसेस प्राइस रिडली, मिस वेदर्बी, मिस हार्टनेल. तिघी एकाच परिच्छेदात येतात आणि आपण हरवतो. नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नका. वहीच्या शेवटच्या पानावर माणसाचं काम आणि घराची जागा लिहा: पाद्रीण, डॉक्टर, चित्रकार, कोपऱ्यावरच्या घरातली. गावाचा नकाशाही काढा, ओबडधोबड चालेल. ‘व्हिकरेज’मध्ये लेखिकेनंच नकाशे दिले आहेत, ते शोभेसाठी नाहीत. कोण कुठं उभं राहिलं तर त्याला काय दिसेल, यावर अर्धा तपास अवलंबून असतो.

ही पद्धत नीट उमजावी म्हणून एक उदाहरण इथलंच रचून दाखवतो. समजा, अशी एक कादंबरी कोल्हापुरात घडते आहे. महाद्वार रोडवरचा भांड्यांचा एक जुना व्यापारी ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी दुकानाच्या माडीवर मृत सापडतो. पुतण्यावर संशय येतो. तो सांगतो, “मी त्या वेळी देवळात होतो. किरणोत्सव होता. मावळतीची किरणं थेट अंबाबाईच्या मुखावर आली, डोळ्यांचं पारणं फिटलं.” नुकताच बदलून आलेला तपास अधिकारी हे लिहून घेतो. गर्दीत शेकडो माणसं होती, कुणी कुणाला पाहिलं असेल वा नसेल. जबाब खोडता येत नाही. बाहेरगावचा वाचकही पुढं जातो.

कोल्हापूरकर मात्र जागच्या जागी थांबेल. किरणोत्सव परंपरेनं वर्षातून दोनदा, तीन-तीन दिवसांचा: नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला, मग ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. पश्चिमेच्या महाद्वारातून येणारी किरणं पहिल्या दिवशी देवीच्या चरणांशी, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोचतात, असा क्रम मानला जातो. ढग आले, वाटेत काही अडथळा आला तर तेवढीही पोचत नाहीत. मग ९ तारखेला मुखावर किरणं पाहिली कुणी? पुतण्या देवळात नव्हता. त्यानं कधीतरी छापून आलेला फोटो आठवून जबाब दिला.

पण हा धागा वाचकाच्या हाती ठेवणं हे लेखकाचं कर्तव्य आहे. कोल्हापूरचा नसलेला वाचकही तिथं पोचू शकला पाहिजे. म्हणून चांगला लेखक काय करेल? बाराव्या पानावर, खुनाचा मागमूसही नसताना, एक आजी नातीला सांगताना दाखवेल, “आज नुसतं पायावर पडतंय ऊन. परवा जाऊया, तोंडावर येतंय तवा.” नात कंटाळून मोबाइल बघत असेल, आजी फुलं निवडत असेल, वाचकाला वाटेल ही नुसती वातावरणनिर्मिती. आणि पुतण्याचा जबाब नव्वदाव्या पानावर येईल. बारावं पान सावकाश वाचलेला वाचक नव्वदाव्या पानावर उठून बसेल. डाव्या पानावरची नोंद आणि उजव्या पानावरची नोंद भिडली, ती अशी.

या प्रामाणिकपणाला जुनी परंपरा आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूनं, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. शोधकाला सापडलेला प्रत्येक धागा वाचकासमोरही ठेवला पाहिजे, हा त्यातला गाभ्याचा नियम. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये डिटेक्शन क्लब सुरू झाला, ख्रिस्ती त्याच्या सभासदांपैकी एक. कोझी मिस्टरी ही त्या काळाची वारसदार आहे. म्हणून पुस्तक पारखायचं झालं तर शेवट वाचून झाल्यावर मागं जाऊन बघावं: ज्या गोष्टीवरून खुनी सापडला ती मला आधी सांगितली होती का? नसेल तर लेखकानं फसवलं, आणि त्या लेखकाचं दुसरं पुस्तक घेण्याची गरज नाही. सांगितली होती आणि आपण ओलांडून गेलो, तर ते पुस्तक चांगलं.

पुतण्याकडं पुन्हा वळू, कारण इथंच बहुतेक वाचक चुकतात. तो खोटं बोलला हे सिद्ध झालं, म्हणून त्यानंच खून केला असं होत नाही. गावातल्या माणसाला लपवण्यासारखं पुष्कळ असतं आणि त्यातलं बरंचसं गुन्ह्याचं नसतं, लाजेचं असतं. कदाचित त्या संध्याकाळी तो गुजरीत बायकोचे दागिने गहाण टाकायला गेला असेल. धंदा बसला हे काकाला, बायकोला, पेठेला कळू द्यायचं नव्हतं. जिथं सगळे सगळ्यांना ओळखतात तिथं अब्रू फार महाग असते. तिच्यासाठी माणूस खुनाचा आळ सोसेल पण सावकाराचं नाव सांगणार नाही. कोझी मिस्टरीचं खरं मनुष्यदर्शन या किरकोळ खोटेपणांत आहे. प्रत्येक संशयिताच्या नावापुढं दोन प्रश्न लिहावेत: हा खोटं काय बोलला? आणि हे उघडं पडलं असतं तर त्याचं काय गेलं असतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांपुढं सापडेल. दुसऱ्याचं उत्तर वाचताना कधी डोळ्यांत पाणीही येतं.

पैशाचं आणि मालमत्तेचं बोलणं मात्र अजिबात वगळू नका. इंग्रजी गावांत ते मृत्युपत्र, पेन्शन, भाड्याचं घर या रूपात येतं आणि मराठी वाचकाला रुक्ष वाटतं. आपल्याकडं सात-बारा, प्रॉपर्टी कार्ड, दत्तकपत्र यांनी किती घरं उभी राहिली आणि मोडली हे ज्यानं पाहिलं आहे त्याला त्या चार ओळी रुक्ष वाटायचं कारण नाही.

शोधक व्यक्तीबद्दलही थोडं नीट विचार करून वाचावं. तिच्याकडं अधिकार नसतो, कुणाला चौकीवर बोलावता येत नाही. मग लोक तिच्याशी का बोलतात? कारण ती निरुपद्रवी वाटते, आणि कारण तिला सगळीकडं जायला निमित्त असतं. पिठाची गिरणी चालवणारा, घरोघरी भांडी घासायला जाणारी, देवळाच्या दारातली फुलवाली, वाचनालयात पुस्तकं देणारा; या माणसांपुढं आपण किती बोलून जातो ते आठवून बघा. लेखकानं शोधकाला असं निमित्त दिलं आहे का, की ती उगाच प्रत्येक खोलीत हजर होते, यावरून लेखकाची मेहनत कळते. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथच्या ‘द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी’मधली (१९९८) प्रेशस रामोत्स्वे वडिलांनी मागं ठेवलेली गुरं विकून बोत्स्वानातल्या गाबोरोनमध्ये एजन्सी काढते. तिचे बहुतेक तपास नवरा-बायको, मुलगी-बाप, नोकर-मालक यांच्यातले. गुरांची पैदास, पाऊस, वडीलधाऱ्यांशी बोलायची रीत हे सगळं त्यात इतकं भरून आहे की पन्हाळ्याच्या पायथ्याच्या वाचकाला ते परकं वाटू नये. या मालिकेचे मराठी अनुवादही झाले आहेत. खुनानं दचकणाऱ्या वाचकानं मार्पलऐवजी इथूनच सुरुवात करावी.

या कादंबऱ्यांत आणखी एक डाव वारंवार येतो, तो म्हणजे गाव तोडायचं. बाहेरून कुणी येऊ शकत नाही, आतून कुणी जाऊ शकत नाही, म्हणजे खुनी आपल्यातलाच. ख्रिस्तीच्या ‘द सिटाफर्ड मिस्टरी’त (१९३१) हे काम बर्फ करतं. तिथं तपास करते एमिली ट्रेफ्युसिस ही तरुणी, आपल्या होणाऱ्या नवऱ्याला सोडवण्यासाठी. बर्फाचा अनुभव आपल्याला नाही, पण पाण्याचा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे इथं लहान मुलंही सांगतात. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि काही दिवस पुणे-बंगळूर रस्ताच बंद होता. प्रयाग चिखली, आंबेवाडी ही गावं पाण्यानं वेढली जातात. ते दिवस आठवा आणि मग सिटाफर्ड वाचा. रस्ता बंद होण्याआधी कोण निघालं, कोण निघता निघता राहिलं, कोण नको त्या वेळी येऊन पोचलं, हे तीन प्रश्न आपोआप सुचतील. मराठीत पुराच्या पाण्यानं वेढलेल्या गावातली अशी कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही. कुणी लिहीत असेल तर मी पहिल्या वाचकांत असेन.

जवळचं उदाहरण म्हणून ‘तो मी नव्हेच’ जरूर बघावं किंवा वाचावं. आचार्य अत्र्यांचं १९६२ सालचं हे नाटक माधव काझी या खऱ्या भामट्याच्या प्रकरणावर बेतलेलं आहे. त्यातला आरोपी स्वतःला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे म्हणवतो. ही कोझी मिस्टरी नव्हे, कोर्टाची गोष्ट आहे. पण साक्षीला येणारी साधी माणसं कुठल्या बारीक खुणेवरून माणूस ओळखतात आणि त्या खुणेला कोर्टात वजन कसं मिळत नाही, हे त्यात फार चांगलं दिसतं. प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिकांचं कौतुक करताना त्या साक्षीदारांकडं दुर्लक्ष होतं, ते करू नये.

कुठल्या भाषेत वाचावं, हा प्रश्न नेहमी येतो. इंग्रजी वाचनाची सवय लावून घ्यायची असेल तर हा प्रकार उत्तम. पुस्तक अडीचशे पानांच्या आसपास, शब्द घरातले, वाक्यं संवादाची. विकर, स्टडी, पॅरिश असे शब्द अडले तर शब्दकोश काढू नका. दहा पानांत ते संदर्भानं कळतात. मराठीतून वाचायचं असेल तर एकच गोष्ट पाहून घ्या: अनुवाद पूर्ण आहे की संक्षिप्त. संक्षेप करणारा माणूस कंटाळवाणी वाटणारी वाक्यं काढतो, आणि या प्रकारात धागा नेमका त्याच वाक्यांत लपवलेला असतो. किरणोत्सवाच्या उदाहरणातलं बारावं पान संक्षिप्त आवृत्तीत पहिलं जाईल. मग नव्वदाव्या पानाला अर्थच उरत नाही.

मुलांना यात आणायचं असेल तर भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे आहेच. वेग त्याच्या नावातच असला तरी डोळे उघडे ठेवणं त्याच्याकडून शिकावं. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांनी मराठीत आणला आहे. एका कथेत तो मूर्तिचोरांच्या मागावर थेट वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंत येतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ही पुस्तकं देताना सोबत वही द्या, पण वही तपासायला मागू नका.

पुस्तकं विकतच घेतली पाहिजेत असं नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा देशात सगळ्यात आधी झाला तो कोल्हापूर संस्थानात, १९४५ साली. १८५० मध्ये स्थापन झालेलं करवीर नगर वाचन मंदिर आजही शहरात आहे. ग्रंथालयाची जुनी प्रत घेताना एक काळजी मात्र घ्या. एका वाचनालयातून आणलेल्या प्रतीत मला पात्रपरिचयाच्या यादीतच एका नावाभोवती पेन्सिलीनं गोल केलेला मिळाला, आणि तो खरा निघाला. तेव्हापासून मी पुस्तक घेतलं की आधीची पानं न बघता थेट पहिलं प्रकरण उघडतो. मागचं वेष्टणही वाचत नाही. प्रकाशक तिथं फार बोलतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. हा चष्मा पुस्तकापुरताच ठेवा. गल्लीत खरोखर काही वाईट घडलं तर आपल्याला दिसलेलं, ऐकलेलं पोलिसांना सांगावं आणि थांबावं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नाव घेऊ नये. कादंबरीत निर्दोष ठरलेल्या पुतण्याला शेवटच्या प्रकरणात अब्रू परत मिळते. पेठेत ती मिळेलच असं नाही.

वाचायचा वेग कसा ठेवावा? पहिलं तृतीयांश पुस्तक दोन-तीन बैठकींत, सावकाश. खून झाल्यावर वेग आपोआप वाढतो, तो वाढू द्यावा. मग एक जागा अशी येते की शोधक म्हणते, आता मला कळलं, किंवा सगळ्यांना एका खोलीत बोलावते. तिथं पुस्तक मिटा. ही जागा ओळखायला सोपी आहे आणि तिथं थांबायला अवघड, पण थांबाच. वही उघडा, दोन्ही पानं समोर ठेवा, नाव लिहा, कारण लिहा, आणि ज्या पानावरून तुम्ही ते ठरवलं त्याचा क्रमांक लिहा. रात्रभर जाऊ द्या. शेवट दुसऱ्या दिवशी वाचा.

दुसऱ्यांदा वाचायची सवय असेल तर या प्रकारासारखं सुख नाही. खुनी माहीत असताना त्याचं पहिलं वाक्य वाचा. चांगल्या लेखकानं त्या वाक्यात खोटं घातलेलं नसतं. खरंच घातलेलं असतं आणि आपण ते दुसऱ्या अर्थानं घेतलेलं असतं. ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ (१९५०) यासाठी खास आहे. अमुक शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला अमक्या घरी खून होणार, अशी छोटी जाहिरात गावाच्या वर्तमानपत्रात येते आणि चिपिंग क्लेगहॉर्नमधले सगळे शेजारी कुतूहलानं, वेगवेगळ्या सबबी सांगत तिथं जमतात. महायुद्धानंतरचं रेशनचं इंग्लंड, कोळशाची टंचाई, गावात नव्यानं आलेली माणसं. दुसऱ्या वाचनात त्या दिवाणखान्यातलं प्रत्येक बोलणं वेगळं ऐकू येतं.

आणि शक्य असेल तर चौघा-पाचजणांनी मिळून वाचा. महिन्याच्या भिशीला जमणाऱ्या बायकांनी, सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींनी हे सहज करावं. रिचर्ड ऑस्मनच्या ‘द थर्सडे मर्डर क्लब’मध्ये (२०२०) निवृत्तांच्या वसाहतीतले चौघे दर गुरुवारी जमून जुने न सुटलेले खून सोडवायला बसतात; आपल्याला कादंबरी पुरे. एकच पुस्तक, प्रत्येकाची वही वेगळी, आणि शेवटच्या प्रकरणाआधीच्या बैठकीला प्रत्येकानं नाव लिहिलेली घडी केलेली चिठ्ठी द्यायची. ज्यानं पुस्तक आधी वाचलं आहे त्यानं तसं स्पष्ट सांगावं, चहाची जबाबदारी घ्यावी आणि बोलू नये. पुढच्या बैठकीला चिठ्ठ्या उघडा. नाव बरोबर आलं तरी नुसत्या नावाला गुण देऊ नका, पाच-सात संशयितांत ते अंदाजानंही येतं. कुठल्या पानावर, कुठल्या वाक्यानं ते कळलं हे वाचून दाखवायला सांगा. आणि ज्याचं नाव चुकलं पण पान बरोबर निघालं, त्याला पुढचं पुस्तक निवडू द्या.